अभ्यासक्रम शेवटाकडून वाचा

कम्प्युटरवर एखादं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की ते आधी विचारतं, याला लागणारं अमुक-तमुक आहे का तुमच्याकडे? नसेल तर गाडी तिथेच थांबते. बी.एस्सी.ला ही सोय नाही. तिथे अॅडमिशन मिळते, वर्षं निघून जातात आणि क्वांटम केमिस्ट्रीच्या पहिल्या तासाला एरर येतो!

सध्या आमच्या घरात याच विषयावर खलबतं चालू आहेत. मामेबहीण दौंडची, आतेभाऊ शिरूरचा. दोघांची बारावी झाली, 'नीट'चं जमलं नाही, आता केमिस्ट्री करायचंय. दोन तालुक्यांच्या मधे भीमा, पण विद्यापीठ एकच, पुणे. आणि घरातला "कम्प्युटरवाला दादा" म्हणून सल्लागार मी. आता बोला!

पूर्वी हिशोब सोपा होता. एफवायला चार विषय, एसवायला तीन, टीवायला एक. सगळं थोडं चाखायचं आणि सोडत जायचं. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, शिवाय तीन वर्षांनी डिग्री की चार वर्षांनी ऑनर्स हाही प्रश्न. कागदावर निवड भरपूर. प्रत्यक्षात तुमच्या कॉलेजात जे विषय शिकवतात तेवढीच. त्यामुळे केमिस्ट्रीच्या जोडीला सुरुवातीलाच काय घेता, याला फार महत्त्व आलंय.

दोघांचाही बेत एकच. बॉटनी-झूलॉजी घ्यायचं, कारण मार्क पडतात आणि नीटचा अभ्यास वाया जात नाही. मी म्हटलं, आधी शेवटच्या वर्षाचा सिलॅबस उघडा आणि तिथून मागे या. थर्मोडायनॅमिक्स? पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतात. कायनेटिक्स? इंटिग्रेशन. बंद डब्यातला इलेक्ट्रॉन? डिफरन्शियल इक्वेशन. एम.एस्सी.साठी आयआयटीची 'जॅम' परीक्षा द्यायची तर तिच्या केमिस्ट्रीच्या सिलॅबसमध्येच फलनं, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी असं सगळं लिहिलेलं आहे. बारावीनंतर गणित सोडलं तर हे कधी आणि कोणाकडून शिकणार?

मामांचं म्हणणं वेगळं. "कुरकुंभच्या एमआयडीसीत चिकटली की झालं. तिथे कोण इंटिग्रेशन विचारतंय?" मुद्दा खोटा नाही. केमिकल कारखाने घरापासून जवळ, आणि तीन वर्षांनी पगार सुरू होणं ही आमच्याकडे छोटी गोष्ट नाही. पण क्वालिटी कंट्रोलमध्ये तरी काय असतं? एचपीएलसीचं कॅलिब्रेशन, सरळ रेषा बसवणं, स्टँडर्ड डेव्हिएशन. म्हणजे स्टॅटिस्टिक्सच की! आतेभावाच्या जवळ रांजणगावची एमआयडीसी, तिथे गाड्या, फ्रीज वगैरे. केमिस्टला तिथे मुळातच जागा कमी, म्हणजे त्याला गाव सोडून जाण्याची तयारी जास्त ठेवायला हवी.

बॉटनी वाईट असं मी म्हणत नाहीये हं. ज्याला बायोकेमिस्ट्रीकडे किंवा शेतीशी संबंधित रसायनांकडे जायचंय, त्याच्यासाठी ती योग्यच. फक्त "सोपी आहे म्हणून" हे कारण नको. दरवाजा बंद करायचाच तर कोणता बंद होतोय ते माहीत असावं.

आणखी एक गोष्ट, जी सिलॅबसात लिहिलेली नसते. प्रॅक्टिकलचं टाइमटेबल. दौंडहून गावाकडची एसटी किंवा शिरूरला तर रेल्वेच नाही, तिथली शेवटची गाडी टायट्रेशनचा एंड पॉइंट येईपर्यंत थांबत नाही. लॅबचे दिवस किती, सुटायची वेळ काय, हे अॅडमिशनच्या आधी सीनियर मुलांना विचारून घ्यावं. विशेषतः मुलींनी. कारण उशीर होतो म्हणून घरातून आधी त्यांचंच कॉलेज बंद होतं.

बहिणीने केमिस्ट्री, गणित आणि बॉटनी असं ठरवलंय. पुढे कोणता सोडायचा ते तिचं ती बघेल. आतेभाऊ अजून मार्कांच्या गणितात अडकलाय. त्याचाही विषय शेवटी गणितच म्हणायचा!