बाबेलला गेलेले पत्र

नगर,
जानेवारीची अखेर

चि. बाळास,



तुझे पत्र पावले. नववर्षाच्या उपासनेनंतर मंडळीत वचनांच्या चिठ्ठ्या फिरल्या, तुझ्या हाती यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन आले, आणि ते वाचताक्षणीच चांद्याहून नगरला बदली होण्याचा हुकूम यंदा निघणारच असा जणू कौल मिळाल्याचा आनंद तुला झाला, हे सारे तू मोठ्या उत्साहाने कळविले आहेस. त्याच पत्रात तू असेही लिहितोस की रोज सकाळच्या एकांत उपासनेत हे एकच वचन वर्षभर घेऊन बसण्याचा तुझा मानस आहे, आणि असा अभ्यास कोणत्या रीतीने करावा ते मी सांगावे. तुझ्या बदलीविषयी मला काही सांगता येणार नाही, ते सरकार जाणे; परंतु वचनाच्या अभ्यासाविषयी मला जे वाटते ते सविस्तर लिहितो, आणि त्यातील काही भाग तुला प्रथमदर्शनी रुचला नाही तरी पत्र मध्येच मिटून ठेवू नकोस, एवढी विनंती आहे.

शास्त्राचे अध्याय पाडण्याची जी पद्धत आज रूढ आहे ती तेराव्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेल्या स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडिताच्या नावावर मोडते, आणि नव्या करारातील वचने आपण ज्या क्रमांकांनी ओळखतो ते रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली जिनीव्हात काढलेल्या आवृत्तीत घातले. हिब्रू शास्त्रातील वाक्यांचे विभाग याहून पुष्कळ प्राचीन असले, तरी यिर्मयाच्या मुखातून शब्द निघाले तेव्हा त्यांना पहिले, दहावे, अकरावे असा अनुक्रम नव्हता. क्रमांक पडले ते मजकूर चटकन सापडावा म्हणून. पण जे चटकन सापडते ते चटकन उचलूनही नेता येते, आणि अशा रीतीने आपले वचन आपल्या ठिकाणाहून निघून प्रथम दिनदर्शिकेवर, मग भिंतीवरील तसबिरीत आणि शेवटी तुझ्या हातातील चिठ्ठीवर येऊन पोहोचले. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, वर्षाच्या आरंभीचे काही दिवस त्या वचनाला त्याच्या मूळ ठिकाणी परत नेऊन ठेवण्यात घालव. परमेश्वराने आपल्या लोकांविषयी जे योजिले आहे त्यात त्यांचे वाईट काही नाही, त्यांच्या कल्याणाचेच आहे, आणि पुढल्या काळाविषयी त्यांनी हताश होण्याचे कारण नाही, असा जो त्याचा आशय, तो कोणी, कोणास, केव्हा आणि कोणत्या प्रसंगाने कळविला, हे जोवर डोळ्यांपुढे उभे राहात नाही तोवर त्या आशयाचे वजन आपणास कळत नाही.

हे वचन म्हणजे एका पत्रातील मजकूर आहे. ख्रिस्तपूर्व ५९७ साली बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले, कोवळ्या वयाचा राजा यखन्या, त्याची आई, दरबारी मंडळी, कारागीर आणि लोहार यांना कैद करून दूरदेशी नेले, आणि मागे सिद्कीयाला गादीवर बसवून त्याच्याकडून ताबेदारी कबूल करून घेतली. ही केवळ शास्त्रातील कथा आहे असे समजू नकोस. त्या स्वारीची नोंद बाबेलच्या बखरीत सापडते, आणि जर्मन संशोधकांनी बाबेलच्या राजवाड्याचे अवशेष खणले तेव्हा तेथील कोठीच्या दफ्तरात ज्या मातीच्या पाट्या मिळाल्या, त्यांत यहूदाचा राजा यखन्या व त्याचे पाच पुत्र यांना तेलाचा शिधा दिल्याचे नमूद आहे. ज्या राजाच्या मुक्ततेकडे सारी प्रजा डोळे लावून बसली होती, तो परक्याच्या कोठीतून मोजून मिळणाऱ्या तेलावर दिवस कंठीत होता. अशा लोकांना यरुशलेमात राहिलेल्या यिर्मयाने पत्र लिहिले; आणि सिद्कीयाने नबुखद्नेस्सराकडे जे वकील रवाना केले, त्या शाफानाचा पुत्र एलासा आणि हिल्कीयाचा पुत्र गमऱ्या यांच्याबरोबर ते धाडले. याच शाफानाचा दुसरा पुत्र अहीकाम याने पूर्वी एकदा यिर्मयाला जमावाच्या हातून वाचविले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे राजाच्या वकिलांबरोबर एका अप्रिय संदेष्ट्याचे पत्र कसे जाऊ शकले याचा उलगडा होतो.

आता हे पत्र काय सांगते ते पाहा. कैदेतील लोकांची अपेक्षा अशी होती की आपण येथे चार दिवसांचे पाहुणे आहोत, बिऱ्हाड बांधलेलेच ठेवावे, कोणत्याही घटकेला परतीचा हुकूम येईल. आणि या अपेक्षेला खतपाणी घालणारे संदेष्टे इकडेही होते, तिकडेही होते. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा असा एक संदेष्टा भेटतो, जो मंदिरात याजकांसमक्ष व सर्व लोकांसमक्ष बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू काढून मोडतो आणि दोन वर्षांच्या आत सर्व काही पूर्ववत होईल अशी ग्वाही देतो. त्याचे भाकीत ऐकून यिर्मया प्रथम आमेन म्हणाला, असे घडले तर फारच उत्तम या भावाने म्हणाला, आणि जू मोडले गेल्यावर वाद न घालता आपल्या वाटेने निघून गेला. लोकांचे दुःख लांबावे असे त्याला मुळीच वाटत नव्हते, हे यावरून दिसते. असे असूनही पत्रात त्याने लिहिले ते इतकेच की घरे बांधा, बागा लावून त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित साधा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि गोड स्वप्ने सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. कारण मुदत सत्तर वर्षांची आहे.

सत्तर वर्षे! तुझ्या चिठ्ठीवर जे वचन आहे त्याच्या लगतच्या दहाव्या वचनात ही मुदत सांगितली आहे, आणि चिठ्ठीवर ती कधीही छापली जात नाही. ज्या तिशीतल्या लोहाराने हे पत्र बाबेलमध्ये ऐकले असेल, त्याने मनाशी हिशेब केला असेल तर त्याला तत्काळ कळून चुकले असेल की ज्या कल्याणाचे अभिवचन मला आज वाचून दाखवीत आहेत ते पाहायला मी राहणार नाही. माझी मुले कदाचित पाहतील, नातवंडे परत जातील, आणि माझी हाडे याच खास्दी मातीत राहतील. तरीही त्याने घर बांधावयाचे, झाड लावावयाचे, आणि ज्यांनी आपले शहर जिंकले त्यांच्या शहरासाठी देवापाशी हात जोडावयाचे. हे जेव्हा ध्यानी येते तेव्हा वचनाची गोडी कमी होत नाही, तिची जातच बदलते. वर्षअखेरच्या आत काहीतरी मिळेल असा जो करार आपण त्यात वाचत होतो तो नाहीसा होतो, आणि आपल्या आयुष्याच्या मापात न मावणाऱ्या कल्याणावर भरवसा ठेवून आजचे काम करीत राहावे, असे एक विलक्षण कठीण मागणे समोर येते.

हे पत्र पोहोचल्यावर त्याची पोच काय आली, हेही त्याच अध्यायाच्या शेवटी आहे, आणि सुटे वचन वाचणाऱ्यांपैकी फार थोडे तेथवर जातात. बाबेलमधील शमाया नावाच्या गृहस्थाने यरुशलेमच्या सफन्या याजकाकडे उलट टपाली फिर्याद केली की, वेड्याप्रमाणे संदेश देत सुटणाऱ्यांना खोड्यात घालणे हे तुमच्या अखत्यारातले काम असताना, मुदत लांबणीवर सांगणाऱ्या आणि घरे बांधा म्हणणाऱ्या या यिर्मयाला तुम्ही मोकळे का ठेवले? म्हणजे ज्या मजकुरातून आपण आज सांत्वनाची तसबीर करतो, तो ऐकून निदान एका श्रोत्याला लेखकास शिक्षा व्हावी असे वाटले. वचनाच्या अभ्यासाची एक खूण मी यावरून मनाशी ठरविली आहे: जे वचन आपणास पहिल्या दिवशी केवळ आवडते आणि वर्षअखेरही केवळ आवडतच राहते, त्याच्याशी आपली पुरती ओळख झालेली नसते, शमायाला ज्या कारणाने राग आला ते कारण आपल्याही अंतःकरणाला एकदा टोचून गेले पाहिजे.

यावर तू म्हणशील की, मामा, मग ज्या अडाणी विधवेने हे वचन भिंतीवर लावले, तिला सिद्कीया आणि एलासा ठाऊक नाहीत म्हणून तिचे सांत्वन खोटे का? मुळीच नाही. मी अशा कित्येक माउल्या पाहिल्या आहेत, ज्यांनी नवऱ्याच्या मागे दुसऱ्यांची धुणीभांडी करून मुले शिकविली, आणि ज्यांचे सुख त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला आले. बाबेलच्या त्या लोहाराची स्थिती त्यांना पुस्तकाशिवाय कळली होती, कारण त्या ती जगत होत्या. ज्याला जीवनाने हा अर्थ शिकविला त्याला भाष्याची गरज थोडी. तुझ्यामाझ्यासारख्यांना, ज्यांचा पगार पहिल्या तारखेला हातात पडतो, इतिहासाच्या वाटेने लांबचा वळसा घ्यावा लागतो, एवढाच फरक.

परंतु या वळशाचा शेवट विद्वत्तेत झाला तर तो फुकट गेला. याचे उत्तम उदाहरण शास्त्रातच आहे. तारुण्यात कैद होऊन गेलेला दानीएल आयुष्याच्या उतरणीला यिर्मयाचे ग्रंथ घेऊन बसला आणि त्याने सत्तर वर्षांच्या मुदतीवर चिंतन केले, असे त्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. तुझ्यासारख्याच एका साधकाने, तुझ्याच वचनाच्या शेजारचा मजकूर, परक्या नगरात एकांतात अभ्यासला, त्याची ही हकिगत होय. मुदत भरत आल्याचे समजल्यावर त्याने सामानाची बांधाबांध केली नाही किंवा तारखा मांडून पंचांग रचले नाही. उपवास केला, गोणताट नेसला, राखेत बसला आणि आपल्या लोकांची पातके आपली म्हणून कबूल करीत दीर्घ प्रार्थना केली. अभ्यासातून प्रार्थना निघाली, आणि ती प्रार्थना स्वतःपुरती उरली नाही. पुढे पारसाचा राजा कोरेश याच्या फर्मानाने लोक परतले तेव्हा एज्राच्या पुस्तकाने आरंभीच यिर्मयाच्या त्या वचनाचे स्मरण केले आहे.

रीतीविषयी आता थोडक्यात लिहितो. आपल्याकडे कीर्तनकार एक अभंग घेतो, त्याच्या एका चरणावर घटकाच्या घटका निरूपण करतो, आणि फिरून त्याच चरणाशी येतो. नारायण वामन टिळकांनी भजनकीर्तनाची ही देशी चाल ख्रिस्ती मंडळीत मानाने रुजविली, आणि वचनाच्या एकांत मननालाही हीच चाल मला सर्वांत मानवते. सारा एकोणतिसावा अध्याय प्रथम मोठ्याने वाच, कारण पत्र हे वाचून दाखविण्यासाठीच लिहिलेले होते. मग अठ्ठाविसावा वाच, म्हणजे विरुद्ध पक्ष कळेल. नेहमीच्या भाषांतराशेजारी पंडिता रमाबाईंचे भाषांतर ठेव. केडगावच्या मुक्ती मिशनात हिब्रू व ग्रीक शिकून ज्या बाईने आयुष्याची अखेरची वर्षे या कामाला वाहिली, आणि १९२२ साली ज्यांचा अंत झाला, त्यांच्या वाक्यरचनेने परिचयामुळे गुळगुळीत झालेला मजकूर पुन्हा खडबडीत लागतो आणि डोळा थांबतो. वहीत स्वतःच्या हाताने वचन उतरून घे, त्याखाली प्रश्न लिही, आणि उत्तरासाठी कित्येक दिवस जागा कोरी राहिली तरी राहू दे. कोरड्या सकाळी नुसते पाठ म्हण आणि ऊठ. प्रत्येक बैठकीतून काही हाती लागलेच पाहिजे हा आग्रह हनन्याच्या दोन वर्षांच्या जातीचा आहे.

आणि नगराचे हित साधण्याची सातव्या वचनातील आज्ञा प्रथम पाळ, अकराव्यातील अभिवचन मग माग. चांद्याला येऊन तुला इतका काळ लोटला, पण तुझ्या पत्रांत त्या गावाविषयी उन्हाळ्याच्या तक्रारीपलीकडे एक वाक्य नसते. शेजारी कोण आहेत, मंडळीत दुखणाईत कोण, गावाला कशाची ददात आहे, हे तू अजून मला कळविलेले नाहीस. बदलीचा अर्ज खुशाल कर, त्यात अधर्म काही नाही, आणि तुझी आई वाट पाहते हेही खरे. मात्र अर्जाचा निकाल लागेपर्यंत पेटी बांधून उंबऱ्यावर बसू नकोस. भाड्याच्या घरापुढे जागा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला एखादे आंब्याचे किंवा लिंबाचे रोप लाव. त्याची फळे तुझ्यामागून येणारा कारकून खाईल, तर खाऊ दे. पुढील पत्रात चांद्यासाठी तू कोणती प्रार्थना करतोस ते मला लिही, म्हणजे मीही येथून तीत सामील होईन.

घरी सर्व खुशाल आहेत. तुझ्या मामीने आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझा,
मामा