वाघ्याची वारसदार

घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातलं काम आटोपून मी मंचरच्या जीपची वाट पाहत होते. लगीनसराईचे दिवस. भीमाशंकरकडून आलेल्या गाड्यांच्या टपावर हिरड्याची पोती लादलेली. शेजारी एक म्हातारा वाघ्या येऊन टेकला. कपाळभर भंडारा, गळ्यात पिशवी. जुने वाघे वाघाच्या कातड्याची बाळगत. याची वाघाचे पट्टे छापलेल्या रेक्झिनची. खांद्यावरच्या झोळीतून मात्र जिवंत, तांबूस डोकं बाहेर आलेलं.

बाबांनी तुणतुणं कानाशी धरलं आणि खुंटी पिळायला घेतली. तार चढत चढत एका जागी आली, तशी कुत्री मान वर करून केकाटली. बाबांनी खुंटी केसभर सैल केली. ती गप्प.

"शिकवलंय का हिला?"

"मी काय शिकवणार? रातभर जागरणात पडलेली असती. लई चढलेलं तिला खपत नाही."

त्यांचा आवाजच आता खाली आलाय, हे त्यांनी नंतर आपणहून सांगितलं. दिमडीबद्दल मात्र तक्रार होती. पूर्वी ती घोरपडीच्या कातड्यानं मढवत. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला, आणि झाला ते बरंच. पण त्यांच्या फायबरच्या दिमडीवर थाप पडली की खरंच डबा वाजल्यासारखं वाटत होतं.

आमच्या घरच्या खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रा आहे. मी तसं म्हटल्यावर बाबा खुलले.

"आमचा आजा सोता भुंकायचा, ताई. कोटंब्यात दूध-भाकर कुस्करायची, गुडघ्यावर बसून तोंडानं खायची. देवाचं कुत्रं म्हणजे आम्हीच की! मला मेलं चारचौघांत भुंकायला लाज वाटती. म्हणून हिला आणली."

इतका रोखठोक वारसा-बदल मी कुठल्या लोककलेच्या पुस्तकात वाचलेला नाही.

जीप आली. बाबांना धामणीकडे जागरणाला जायचं होतं. झोळी पाहून ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, कुत्र्याचं भाडं पडंल."

"मल्हारीच्या कुत्र्याचं? घे की. उद्या घोड्याचंबी मागशील."

गाडीत हशा पिकला. बाबांनी चिमूटभर भंडारा स्टिअरिंगला लावला. ड्रायव्हरनं हात जोडले, आणि मंचरला आमच्या दोघांचं भाडं पुरेपूर मोजून घेतलं.