सव्वा टक्का

कॉलेजात असताना एका पाहणीसाठी मी सातारा जिल्ह्यातल्या गावांतून प्रश्नावली घेऊन फिरलो होतो. ‘गेल्या बारा महिन्यांत घरी चोरी झाली का?’ असा त्यात एक प्रश्न होता. एक आजी म्हणाल्या, ‘झाली की!’ चोर परड्यातून कसा शिरला, त्यांनी विळा कसा उगारला, हे त्यांनी उठून करून दाखवलं. मी ‘होय’वर खूण केली. निघताना सहज विचारलं, ‘आजी, कधीची ही गोष्ट?’ ‘थोरला पोटात व्हता तवाची.’ थोरला अंगणात बैलांना पाणी दाखवत होता. चाळिशीचा असेल. मी खूण खोडली. आजींचा हात मात्र अजून थरथरत होता.

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. भीतीला बारा महिन्यांची मुदत कळत नाही, एवढंच.

अमेरिकेतल्या बंदूक-कायद्याच्या वादात एक आकडा सारखा भेटतो, तेव्हा मला त्या आजी आठवतात. वर्षाला 25 लाख वेळा तिथली साधी माणसं बंदुकीच्या बळावर स्वतःचा बचाव करतात, असं तो आकडा सांगतो. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांच्या 1995 च्या निबंधातला हा आकडा. त्यांनी 1993 मध्ये सुमारे 5 हजार प्रौढांना फोनवरून विचारलं. वर्षभरात अशी वेळ आली होती असं सांगणारे निघाले सव्वा टक्क्याहून किंचित जास्त, म्हणजे साठ-सत्तर माणसं. तेच प्रमाण साऱ्या देशाला लावलं. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीतून मात्र हीच संख्या लाखाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी येते. फोनवर विचारणाऱ्याला अंगण दिसत नाही, थोरला केवढा झालाय ते कळत नाही.

हार्वर्डच्या डेव्हिड हेमनवे यांनी 1997 मध्ये यातली मेख उलगडली. समजा, हजारांत एकानेच खरोखर बंदूक वापरली. तो विसरला किंवा गप्प बसला, तर हिशेबातून फार तर एक वजा होईल. पण उरलेल्या 999 जणांपैकी बारा जणांनी जुनी गोष्ट यंदाची म्हणून सांगितली, की एकाचे तेरा होतात. घटना जितकी विरळ, तितकी चूक वरच्याच बाजूला जाते. क्लेक यांना मिळालेल्या उत्तरांवरून वर्षाला सुमारे 2 लाख हल्लेखोर जखमी किंवा ठार झाल्याचं निघत होतं. गोळी लागून रुग्णालयात येणारे सगळ्या प्रकारचे मिळून त्याच्या निम्मेच होते. जखमी गुन्हेगार दवाखान्यात जातच नाहीत, हे त्यावरचं उत्तर मला पटत नाही.

एकाच दिशेला झुकणारी चूक आपल्याकडे ओळखली ती संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी. तेही सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. 1940 च्या दशकात पीक कापणी प्रयोगांत त्यांना दिसलं, की मोजणीसाठी शेताचा तुकडा लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज जास्त येतो. काठावरचं रोप कापणाऱ्याच्या हाताने बहुधा आतच धरलं जातं, आणि लहान तुकड्याला काठच जास्त. त्यात कुणाची लबाडी नसते. ‘गेलं वर्ष’ हाही तसाच लहान तुकडा.

अमेरिकेतल्या त्या सरकारी पाहणीचा आकडाही मी डोळे झाकून घेणार नाही. तिथे आधी गुन्हा घडला का ते विचारतात, मग तुम्ही काय केलंत ते. विचारणाऱ्याला घर माहीत असतं. विनापरवाना पिस्तूल बाळगणारा तिथे तोंड उघडेल का? मला आदर वाटतो तो फिलिप कुक आणि जेन्स लुडविग यांचा. 1994 च्या त्यांच्या पाहणीतून 15 लाखांचा आकडा आला, तेव्हा स्वतःच्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहिलं.

गोळीने मेलेल्यांची मोजणी मृत्यूच्या दाखल्यांवरून होते, एकेक करून. वाचलेल्यांचा दाखला नसतो. त्या साठ-सत्तरांत कुणी बाई असेल, जिच्या दारावर त्या वर्षी खरोखर रात्री लाथा बसल्या आणि हातातल्या बंदुकीमुळेच जी वाचली. तिचा होकारही बाकीच्या होकारांत मिसळून गेला. तो वेगळा काढायची सोय त्या पाहणीत नव्हती.