गादी, गुपित आणि डॉक्टरकाका

ऑफिसच्या लंच टेबलवर आपण काय वाट्टेल ते बोलतो. अप्रेझल, ईएमआय, सासूबाई, शेजाऱ्यांची भांडणं... आणि मुलांबद्दल तर विचारूच नका! कुणाचं पोर अ‍ॅबॅकसला जातं, कुणाचं स्केटिंगला. पण 'माझा सात वर्षांचा मुलगा अजून रात्री गादी ओली करतो' असं कुणी डबा खाता खाता म्हणालेलं ऐकलंय? मी तरी नाही. आमच्याकडे मात्र आठवड्यातल्या पाच-सहा रात्री हेच चालायचं. आठ वाजता कॅब येणार आणि त्याआधी चादर, मेणकापड, वॉशिंग मशीन!

सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाई रोज तिळगुळाचा लाडू द्यायच्या. नवऱ्याचा फंडा सोपा, 'लाडावलाय. दोन रट्टे दिले की थांबेल.' आणि चिरंजीव? त्यांनी डिसेंबरातल्या शाळेच्या नाइट कॅम्पचा फॉर्म दप्तराच्या तळाशी लपवून ठेवला होता. विचारलं तर म्हणे, 'मला कॅम्प आवडतच नाही.' हाच पोरगा घरात चादरींचे तंबू ठोकून खेळतो बरं का! ते ऐकलं आणि ठरवलं, आता डॉक्टर.

माझ्या डोक्यात मोठं हॉस्पिटल, स्पेशालिस्ट, सोनोग्राफी असं सगळं फिरत होतं. सासूबाई म्हणाल्या, 'आधी आपल्या डॉक्टरांना तर विचार.' आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे नवऱ्याला तो बालवाडीत असल्यापासून ओळखणारे.

डॉक्टरकाकांनी औषधाचं नावही काढलं नाही. आधी प्रश्नच प्रश्न, आणि तेही थेट चिरंजिवांना. दिवसा कधी चड्डी ओली होते का? शू करताना दुखतं, जळजळतं? शी रोज होते की कुंथावं लागतं? मग आम्हाला. मध्ये सलग सहा महिने कोरडा राहून पुन्हा सुरू झालंय का? फार तहान लागते? वजन उतरलंय? घोरतो का? मग पोट तपासलं, पाठीचा कणा बघितला आणि लघवीची एक साधी टेस्ट लिहून दिली. बास.

शेवटचा प्रश्न होता, 'तुमच्यापैकी कुणाला लहानपणी असं व्हायचं?' विचारलं दोघांना, पण बघत होते नवऱ्याकडे. केबिनमध्ये फक्त पंख्याचा आवाज. मग नवरा हळूच म्हणाला, 'मला. चौथीपर्यंत. मार पण खाल्लाय.' लग्नाला दहा वर्षं झाली, मला पत्ता नव्हता! चिरंजीव डोळे मोठ्ठे करून म्हणाले, 'बाबा, तू पण?'

त्यानंतर 'दोन रट्टे' हा विषय आमच्या घरात निघाला नाही.

डॉक्टरकाकांनी सांगितलं ते असं. पाच वर्षांपर्यंत याला आजार म्हणतच नाहीत. पाचव्या वर्षी शंभरातली साधारण पंधरा मुलं गादी ओली करतात, आणि दर वर्षी त्यातल्या साधारण पंधरा टक्के मुलांचं आपोआप थांबतं. हे आई-बाबांकडूनही येतं. काही मुलांच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारं हॉर्मोन पुरेसं तयार होत नाही, काहींचं मूत्राशय रात्री कमी साठवतं, आणि भरल्याचा निरोप गाढ झोपेतल्या मेंदूपर्यंत पोचत नाही. यात मुद्दाम काहीच नसतं. शिक्षा करून फक्त भीती वाढते.

मग प्लॅन. पाणी तोडायचं नाही, दिवसा भरपूर प्यायचं, संध्याकाळनंतर कमी. कोला आणि चहा बंद. शाळेत दर दोन-तीन तासांनी आणि झोपण्याआधी शू. पोट साफ राहायला हवं, कारण मलाने भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. कॅलेंडरवर स्टार द्यायचा तो आठवणीने बाथरूमला गेल्याबद्दल, कोरड्या रात्रीबद्दल नाही. ती काही त्याच्या हातात नसते.

दीड महिन्यात थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग अलार्म आणला. चड्डीला एक छोटा सेन्सर, ओलावा लागला की बझर. पहिल्या रात्री अख्खं घर जागं झालं, साहेब मात्र गाढ! डॉक्टरांनी हेही आधीच सांगितलं होतं. सुरुवातीला मोठ्यांनीच उठवून बाथरूमपर्यंत न्यायचं, आणि दोन-तीन महिने धीर धरायचा. नीट वापरला तर तीनातल्या साधारण दोन मुलांना उपयोग होतो. काहींचं पुन्हा सुरू होतं, मग पुन्हा अलार्म. ही नाइट शिफ्ट नवऱ्याने मागून घेतली. रात्री दोन वाजता दोघं डुलत डुलत बाथरूमकडे जाताना बघून मला हसूही यायचं आणि भरूनही यायचं.

कॅम्पपुरती गोळीचीही सोय होती, डेस्मोप्रेसिनची. ती रात्रीची लघवी कमी करते. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही, आधी घरी ट्राय करून, आणि गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळजवळ बंद. नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं. आम्हाला ती लागली नाही. नोव्हेंबरअखेर सलग चौदा रात्री कोरड्या गेल्या. डिसेंबरात चिरंजीव कॅम्पला गेले, येताना टूथब्रश विसरून आले आणि आठवडाभर शेकोटीच्या गप्पा मारत होते.

तुमच्याही घरी सकाळी सकाळी गुपचूप मशीन लागत असेल, तर मुलाला घेऊन सरळ फॅमिली डॉक्टर गाठा. एकदम खूप तहान आणि वजन उतरणं असेल तर त्याच दिवशी, कारण तो डायबेटिस असू शकतो. दिवसाही ओलं होणं, दुखणं, किंवा थांबलेलं पुन्हा सुरू होणं असेल तरी उशीर नको. बाकी मुलांसाठी थोडी सवय आणि पुष्कळ धीर. आणि हो, तुम्हालाही लहानपणी व्हायचं असेल, तर मुलाला सांगून टाका!