अता बेटावरील संसार

शिक्षक वर्गाबाहेर पडला, कीं आंत काय चालतें, हें दाराआड उभें राहून ऐकणारासच ठाऊक. छत्तीस वर्षें मीं तो गलबला ऐकला आहे. त्यामुळें विल्यम गोल्डिंग या इंग्रज कादंबरीकाराची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही कादंबरी आमच्या व्यवसायांतील पुष्कळांस पटते, याचें मला नवल वाटत नाहीं. गोल्डिंग स्वतः शाळामास्तरच होते. १९५४ सालीं प्रसिद्ध झालेली त्यांची ही कथा मीं कोश उशाशीं ठेवून मोठ्या कष्टानें वाचली. विमान कोसळून निर्जन बेटावर सांपडलेलीं शाळकरी मुलें आरंभीं शंख फुंकून सभा भरवितात, पुढारी निवडतात, आणि पाहतां पाहतां रानटी होऊन सोबत्यांचेच प्राण घेतात. आपल्या शास्त्रकारांनीं ज्यास मात्स्यन्याय म्हटलें, त्याचेंच तें चित्र होय.

पण तें चित्र कल्पनेंतलें. ज्यांच्यावर असा प्रसंग खरोखर गुदरला, अशा सहा मुलांची हकीकत मला अलीकडे वाचावयास मिळाली; रुत्गर ब्रेगमन या डच लेखकानें २०२० सालीं आपल्या ग्रंथांत ती सांगितली, तेव्हांपासून ती जगांत विशेष प्रसिद्ध झाली आहे.

पॅसिफिक महासागरांत टोंगा नांवाचें द्वीपराज्य आहे. त्याच्या राजधानींतील, नुकुआलोफा येथील, एका वसतिगृहांत राहणाऱ्या सहा विद्यार्थ्यांस १९६५ च्या जून महिन्यांत शाळेचा अगदीं वीट आला. त्यांनीं एका कोळ्याची होडी त्यास न विचारतां घेतली. बरोबर दोन पोतीं केळीं, थोडे नारळ आणि एक लहानशी गॅसची शेगडी. नकाशा नाहीं, होकायंत्र नाहीं! रात्रीं वादळानें शीड फाडलें, सुकाणूं मोडलें. आठ दिवस होडी वाऱ्यावर वाहत होती. करवंट्यांत पावसाचें पाणी धरावयाचें आणि प्रत्येकानें सकाळीं एक घोट व सायंकाळीं एक घोट घ्यावयाचा, असा क्रम त्यांनीं ठेवला. समाजाची स्थापना, माझ्या मतें, त्या घोटापाशींच झाली. तहानेनें जीव कासावीस झाला असतां एकानेंही दुसऱ्याची करवंटी ओढली नाहीं.

शेवटीं तीं अता नांवाच्या, कड्यांनीं वेढलेल्या ओसाड बेटाला लागलीं. तेथें तीं सुमारे पंधरा महिने राहिलीं. दोघां-दोघांच्या जोड्या करून त्यांनीं बागेचें, स्वयंपाकाचें आणि पहाऱ्याचें काम पाळीपाळीनें वांटून घेतलें. पोकळ केलेल्या झाडांच्या बुंध्यांत पावसाचें पाणी सांठविलें. एकदां मोठ्या प्रयासानें पेटविलेला अग्नि वर्षाहून अधिक काळ विझूं दिला नाहीं. अग्निहोत्र्याच्या घरींही याहून अधिक दक्षता ती काय असणार! दिवसाचा आरंभ आणि शेवट गाण्यानें व प्रार्थनेनें होई, आणि साथीला एक वाद्यही होतें. वाहून आलेल्या लांकडाला करवंटी जोडून, मोडक्या होडींतील तारा ताणून तें त्यांनींच केलें होतें. एक मुलगा कड्यावरून पडून त्याचा पाय मोडला. सोबत्यांनीं काटक्या व पानें बांधून तो बसविला, त्याचें काम आपसांत वांटून घेतलें, आणि राजासारखा पडून राहा म्हणून त्याची थट्टाही केली. पुढें डॉक्टरनें पाहिलें, तेव्हां हाड उत्तम जुळलेलें होतें.

भांडणें होतच. तेव्हां भांडणारे दोघे बेटाच्या दोन टोकांस जात, आणि कांहीं तासांनीं राग निवाला, म्हणजे बाकीचे त्यांस एकत्र आणून क्षमा मागावयास लावीत. हें वाचतांना मला शांतिपर्वाची आठवण झाली. राजसंस्था उत्पन्न होण्यापूर्वीं एकमेकांस गिळूं लागलेल्या लोकांनीं एकत्र जमून 'समय', म्हणजे करार, केला, असें तेथें सांगितलें आहे: जो कठोर बोलेल, जो दंडेली करील, जो परधन हरण करील, त्याचा आपण त्याग करावा. तो करार टिकला नाहीं, म्हणून ते ब्रह्मदेवाकडे राजा मागावयास गेले. अता बेटावर राजा नव्हता, तरी समय टिकला. कदाचित् असें असेल, कीं त्याग करून मनुष्याला पाठवावयाचें कोठें, हा प्रश्न सहाजणांच्या वस्तींत फार लवकर पडतो; म्हणून बहिष्काराची मुदत त्यांनीं कांहीं तासांवर आणली.

यावरून मुलें जात्याच सात्त्विक असतात, असें मी म्हणणार नाहीं. हीं मुलें अवघीं सहा, एकमेकांचे जिवलग, आणि लहानपणापासून बेटावरच्या कष्टांस सरावलेलीं. शिवाय तीं रिकाम्या हातीं गेलीं नव्हतीं. मी प्रथम कोंकणांतील एका एकशिक्षकी शाळेवर होतों. १९८३ च्या पावसाळ्यांत वहाळाला पूर येऊन दोन दिवस मला पलीकडे जातां आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं गेलों, तों चौथींतल्या एका मुलीनें शाळा चालविलेली. प्रार्थना झाली होती, पाढे झाले होते, हजेरी फळ्यावर मांडली होती. माझ्या दटावण्यासुद्धां तिनें माझ्याच सुरांत उचलल्या होत्या, असें धाकट्यांनीं मला मोठ्या आनंदानें सांगितलें! छडी मात्र खुंटीला होती तशीच होती. मास्तर नव्हता, पण मास्तराची रीत होती. त्यांतलें काय घ्यावें व काय सोडावें, हें मुलांनीं ठरविलें.

अता बेटावरही तसेंच. आरंभीं मासे, नारळ आणि समुद्रपक्षी यांवर दिवस काढल्यानंतर तीं मुलें चढून वर गेलीं, तों विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत त्यांना केळीचीं झाडें, अळूचे कंद आणि रानटी झालेल्या कोंबड्या आढळल्या. हें तेथें आलें कोठून? एके काळीं त्या बेटावर गांव होता. १८६३ सालीं 'ग्रेशियन' नांवाचें जहाज तेथें आलें. व्यापाराच्या मिषानें सुमारे दीडशें माणसांस त्यावर बोलावून घेतलें, आणि गुलामांच्या बाजारासाठीं पळवून नेलें. उरलेल्यांस टोंगाच्या राजानें दुसऱ्या बेटावर हलविलें. माणसें गेलीं, पण त्यांनीं लावलेलीं केळीं फळत राहिलीं, कोंबड्या वाढत राहिल्या. शंभर वर्षांनीं त्यांवर सहा मुलें जगलीं. ज्यांनीं तें बेट ओस पाडलें, तेही मोठेच होते, आणि ज्यांनीं तें पेरून ठेवलें होतें, तेही मोठेच. मुलांच्या वाट्यास आला तो दुसऱ्यांचा ठेवा.

११ सप्टेंबर १९६६ रोजीं पीटर वॉर्नर नांवाच्या ऑस्ट्रेलियन नाविकानें त्यांस पाहिलें. घरीं त्यांचीं उत्तरकार्यें होऊन गेलीं होतीं. राजधानींत पोंचतांच पोलिसांनीं सहाहीजणांस कोठडींत घातलें. होडीच्या मालकानें चोरीची फिर्याद केली होती. वॉर्नरनें होडीची किंमत भरून त्यांस सोडविलें, आणि पुढें आपल्याच मासेमारीच्या जहाजावर त्यांस खलाशी म्हणून ठेवून घेतलें.