उचगावचा रस्ता आणि बेसमेंटमधलं इलिप्टिकल

बेळगावहून वेंगुर्ला रोडला लागलं की आधी हिंडलगा, मग सुळगा आणि मग उचगाव फाटा. फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. बेळगावपासून दहा-बारा किलोमीटर. गाव कर्नाटकात, घराघरांतली भाषा मराठी. मळेकरणी देवीमुळे दर मंगळवारी आणि शुक्रवारी इथे भाविकांची गर्दी असते. दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणारं गाव म्हणूनही काहींनी नाव ऐकलं असेल. उचगावबद्दल लिहायचं म्हटलं की गाडी हमखास सीमाप्रश्नाकडे वळते. आज मात्र मी या गावाच्या रस्त्यावर पळण्याविषयी लिहिणार आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी छत्तीस वर्षांचा. बेळगावात बी.ई., मग पुण्यात नोकरी आणि आता गेली काही वर्षं मिनेसोटात. कामाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात. बाबांना चौपन्नाव्या वर्षी स्टेंट बसवावा लागला. त्यामुळे यंदाच्या तपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा वर दिसल्यावर डॉक्टरांनी एकच विचारलं, "आठवड्यातून किती वेळा दम लागेपर्यंत हालचाल करता?"

हा प्रश्न आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांना लागू आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासातून २००७ साली दक्षिण आशियाई लोकांचं वेगळं विश्लेषण प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पहिला हार्ट ॲटॅक सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९च्या आसपास, असं त्यात दिसलं. म्हणजे सहा वर्षं आधी. आपली मुलं कॉलेजात असतात तेव्हाच.

तर 'कार्डिओ' करायचा हे ठरलं. कसा, यावर घरात एकमत नव्हतं. बायकोचं म्हणणं, बेसमेंटमध्ये इलिप्टिकल घेऊ. बाहेर उणे वीस असलं तरी व्यायाम चुकणार नाही. मला रस्त्यावर पळायचं होतं. जानेवारीत तीन आठवडे गावी जायचंच होतं, म्हणून निर्णय परत आल्यावर घेऊ असं ठरलं आणि बॅगेत बूट टाकले.

जानेवारीतलं उचगाव पळणाऱ्यासाठीच बनवलंय असं वाटतं. पहाटे स्वेटर लागेल इतपत थंडी, शेतांवर धुकं, भातकापणी होऊन गेलेली. कुठे भाताच्या ओलीवर पेरलेला मसूर, कुठे हरभरा, कुठे वाटाणा. रताळी आणि बटाटे हे तर बेळगावच्या या पश्चिम भागाचं वैशिष्ट्य. माती लाल आणि मऊ, त्यामुळे डांबर सोडून कडेच्या पायवाटेने पळालं की पायाला बरं वाटतं. फाट्यावर पोचून एका बाजूला वळलं तर बेळगाव, दुसऱ्या बाजूला वळलं तर तुरमुरी, बाची आणि पुढे शिनोळी. शिनोळी म्हणजे महाराष्ट्र, चंदगड तालुका. दमात दम असेल तर माणूस सकाळच्या फेरीत राज्य बदलून परत येतो.

रस्त्यावर मी एकटा नसायचो. अंधारातच भरतीची पोरं पळायला येतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे या भागात सैन्यभरती हा घराघरांतला विषय. भरतीच्या मैदानी परीक्षेत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत संपवले की धावण्याचे पूर्ण ६० गुण मिळतात. हा हिशोब मी चालता चालता केला. तो वेग ताशी साडेसतरा किलोमीटर होतो. मला एका किलोमीटरला सात मिनिटं लागतात, म्हणजे ताशी साडेआठ. ती पोरं माझ्या बाजूने सणकन निघून जात आणि परत येताना पुन्हा समोर भेटत. त्यांच्यापुढे पळावं की यंत्र वापरावं हा प्रश्नच नाही. परीक्षा जमिनीवरची आहे, तर तयारीही जमिनीवरच व्हायला हवी. शरीर ज्याचा सराव करतं त्यातच तरबेज होतं.

माझ्यापुढे मात्र पर्याय होता आणि गावाला त्याचं नवल वाटायचं. पहिल्याच दिवशी दारात सडा घालणाऱ्या एका काकूंनी विचारलं, "काय गा, कोण मागं लागलंय काय?" आणि इलिप्टिकलचं वर्णन ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे तासभर पाय हलवायचे आणि पोचायचं कुठंच नाही? मग आपला रहाट काय वाईट होता? निदान पाणी तरी यायचं."

बाबांची चेष्टा अगदीच निराधार नाही. फाट्यावरून बेळगावला जाताना हिंडलग्याचं जेल लागतं, तिथे मला दर वेळी एक गोष्ट आठवते. जागच्या जागी पाय चालवण्याचं यंत्र मुळात कैद्यांसाठी होतं. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्लिश इंजिनियरने तुरुंगांसाठी पायऱ्यांचं फिरतं चाक बनवलं आणि १८९८ पर्यंत ब्रिटिश तुरुंगांत ती शिक्षा चालू होती. आज आपण त्याच्या वंशजांसाठी महिन्याला पैसे मोजतो. इलिप्टिकल त्या घराण्यातलं सगळ्यांत धाकटं. प्रीकोर कंपनीने ते १९९५मध्ये बाजारात आणलं. पळताना पाऊल हवेत जी लंबगोल वाट काढतं, तीच वाट पेडलला द्यायची, ही त्यामागची कल्पना.

आता मुद्द्याचं. माझ्यातल्या इंजिनियरने या प्रश्नाची तीन खाती पाडली: हृदय, हाडं-सांधे आणि सवय.

पहिलं खातं हृदयाचं. हृदयाला रस्ता आणि यंत्र यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त मागणी कळते. श्रम सारखेच असतील तर दोन्हींत नाडी आणि ऑक्सिजनचा वापर जवळपास सारखा राहतो. फरक पडतो तो श्रमात. पळताना स्वतःचं वजन दर पावलाला उचलावंच लागतं, तिथे सवलत नाही. ठोकताळा असा की एका किलोमीटरला, एका किलो वजनामागे, साधारण एक कॅलरी जाते. माझं वजन ७५ किलो, म्हणून पाच किलोमीटरला ३७५. इलिप्टिकलवर मध्यम जोराने तेवढीच पस्तीस मिनिटं घालवली तर सव्वादोनशेच्या आसपास. यंत्राचा पडदा बहुधा यापेक्षा मोठा आकडा दाखवून आपल्याला खूश करतो. त्यात दांड्यावर रेलून उभं राहिलं की काम आणखी कमी. पण रेझिस्टन्स वाढवला, रेलणं सोडलं, हातांचे दांडे खरोखर ओढले-ढकलले, तर यंत्रही घाम काढतं.

दुसरं खातं हाडं आणि सांध्यांचं, आणि इथे दोघांचे रस्ते वेगळे होतात. पळताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, मग एका पायावर वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. अर्ध्या तासात पाचएक हजार पावलं पडतात. इलिप्टिकलवर पाऊल पेडल सोडतच नाही, त्यामुळे दणका नाही. गुडघा दुखत असेल, वजन फार असेल, मोठ्या खंडानंतर सुरुवात असेल, तर हा फायदा मोठा आहे.

पण दणका हा शत्रूच असतो असं नाही. १८९२ साली जर्मन सर्जन युलियस वोल्फने मांडलं की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवतं. भार मिळाला तर घट्ट होतं, नाही मिळाला तर विरळ. म्हणून केवळ यंत्रावर राहणाऱ्याने आठवड्यातून दोनदा वजनं उचलावीत, जिने चढावेत. आणि 'पळून गुडघे झिजतात' ही आपल्याकडची ठाम समजूतही तपासायला हवी. २०१७च्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंपैकी साडेतीन टक्क्यांना गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली. बैठं आयुष्य असणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांवर होतं आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांत तेरा टक्क्यांवर. यावरून पळणं गुडघ्याचं औषध ठरत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात ते पळणं सोडतात, हेही आकड्यांत मिसळलेलं असणार. पण बेताने पळणाऱ्याने घाबरून घरी बसावं, असं त्यात काही नाही. दुखापती होतात त्या बहुधा घाईमुळे. पहिल्या आठवड्यात दहा किलोमीटर आणि तिसऱ्यात पंचवीस, असं केलं की नडगी बोलायला लागते.

तिसरं खातं सवयीचं. ते मला उचगावातच नीट समजलं. रस्ता सुंदर आहे, पण सगळ्यांसाठी आणि सदासर्वकाळ नाही. जूनला पाऊस लागला की त्या लाल पायवाटेचा चिखल होतो आणि तो पुढे काही महिने तसाच राहतो. हिवाळ्यात मागचा दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर असतात आणि कुत्री तर बारमाही. शिवाय माझी वहिनी. बेळगावात नोकरी करते, पस्तिशीची, माझ्यापेक्षा चपळ. तिला विचारलं, "वहिनी, तुम्हीही चला की पळायला." ती म्हणाली, "तुम्ही पळालात तर 'अमेरिकेचा आलाय' म्हणतात. मी पळाले तर दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं." ती कामावरून येताना शहरातल्या जिममध्ये थांबते आणि चाळीस मिनिटं इलिप्टिकल करते. आठवड्यातून चार दिवस, गेली दोन वर्षं. जे यंत्र मला बिनरस्त्याचं वाटत होतं, त्याने तिला स्वतःची चाळीस मिनिटं मिळवून दिली. भरतीच्या पोरांना रस्ता हवा, वहिनीला यंत्र हवं, आणि गुडघे धरलेल्या आमच्या आईला यांतलं काहीच नको. तिला देवळापर्यंत चालत जाणं पुरे. एकाच घरात, एकाच गावात तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर.

म्हणून माझ्या पिढीतल्या वाचकांना मी एवढंच सांगेन: 'चांगलं कोणतं' यावर महिनाभर व्हिडिओ बघण्यापेक्षा 'फेब्रुवारीतल्या गुरुवारी, ऑफिसमधून दमून आल्यावर, माझ्याकडून काय होईल' हा प्रश्न विचारा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०चा सल्ला सोपा आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस श्रम, किंवा दोन्हींचं मिश्रण. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. जोरकस म्हणजे दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. घरात कुणाला हृदयविकार असेल तर सुरुवातीला डॉक्टरांना विचारणं आलंच.

परत आल्यावर आम्ही इलिप्टिकल घेतलं. नोव्हेंबर ते मार्च आठवड्याचे चार दिवस त्यावर, दोन दिवस वजनं. बर्फ वितळला की शनिवार-रविवार तळ्याकाठी पळायचं, आणि गावी गेलो की रोज फाट्यापर्यंत.

यंत्राचा एक उपयोग मात्र कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेला नव्हता. इथे संध्याकाळचे साडेसात होतात तेव्हा उचगावात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात. डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलंय आणि एकटं चालायचा त्यांना कंटाळा. आता मी पेडलवर चढलो की फोन लावतो. ते कानात वायर घालून घरातून निघतात. रताळ्याला यंदा काय भाव लागला, कुणाचं पोरगं भरतीत निवडलं गेलं, धुकं किती आहे, असं सगळं ऐकत माझी चाळीस मिनिटं संपतात. पळत असतो तर हे जमलं नसतं. बोलणं धड चालू आहे, म्हणजे दोघांचेही श्रम मध्यम आहेत हेही त्यातच कळतं. परवा बाबांनी मध्येच विचारलं, "पोचलास काय रे कुठं?" मी म्हटलं, "फाट्यापर्यंत आलोय." ते म्हणाले, "मग थांब तिथंच, मी येतोय."