माझी वही

मुलांनो, शिक्षकांनी एकामागून एक तीन गोष्टी सांगितल्या आणि तुम्हांला पहिली व तिसरीच आठवली, असे कधी झाले आहे का? माझ्या बाबतीत हे रोज होत असे.

आमचे गाव खंडाळा. लोणावळ्याजवळचे नव्हे, सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे. मी पाचवीत होतो. वर्गात साताचा पाढा चालला होता. ‘सात त्रिक एकवीस’ मी म्हटले आणि त्यानंतर एकदम ‘सात आठे छप्पन्न’ कानांवर आले. मधले आकडे कुठे गेले? मी झोपलो नव्हतो. डोळे उघडे होते. शिक्षकांना वाटले, हा मुद्दाम खिडकीबाहेर बघतो आहे. त्यांनी मला बाकावर उभे केले.

एकदा आजी लोणंदहून एसटीने येणार होती. आईने मला सांगितले, “साडेचारला स्टँडवर जा आणि आजीला घेऊन ये.” मी हो म्हटले आणि विटीदांडू खेळत बसलो. दिवेलागणीला आईने विचारले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. धावत गेलो. आजी गाठोड्यावर बसून होती. ती मला काही बोलली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर बाबांनी मला पुण्याला डॉक्टरांकडे नेले. डोक्याला तारा लावून मेंदूतील विजेचा आलेख काढला. डॉक्टर म्हणाले, “याला अपस्मार आहे.” तुम्ही ज्याला मिरगी म्हणता, तोच हा आजार. आम्ही चकित झालो. फिट म्हणजे खाली पडणे आणि हातपाय झाडणे, एवढेच आम्हांला ठाऊक होते. पण काही फिट अशा असतात, की मूल दहा-पंधरा सेकंद नुसते टक लावून बघते आणि पुन्हा कामाला लागते. कुणाला कळतही नाही. त्या वेळात जे बोलले जाते, ते त्याच्या कानांत शिरतच नाही. मग ते आठवणार कसे?

जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य उपचार मिळाले, तर त्यांतील बहुतेकांच्या फिट थांबू शकतात. माझ्याही गोळ्यांनी थांबल्या. विसराळूपणा मात्र थोडा उरला. काही औषधांनी सुस्ती येते आणि लक्ष लवकर उडते. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. डॉक्टरांना सांगायचे असते.

डॉक्टरांनी आम्हांला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवले. त्या ताटात दहा वस्तू मांडत, त्यावर रुमाल टाकत आणि नावे विचारत. महिन्याभरात मला दहाच्या दहा सांगता येऊ लागल्या. मी खूश झालो. बाई म्हणाल्या, “अरे, तू या खेळात हुशार झालास. पण घराची किल्ली सापडते का?” किल्ली सापडत नव्हती! मग त्यांनी दुसऱ्या सवयी लावल्या. किल्लीसाठी भिंतीवर एकच खिळा. निरोप मिळाला, की तो सांगणाऱ्यालाच मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. धडा वाचला, की दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने आठवून बघायचा. तुमच्यापैकी ज्यांनी पाठांतर केले असेल, त्यांना हे ठाऊक असेल. कालचा सबक ऐकवल्याशिवाय उस्ताद नवा सबक देत नाहीत. शिवाय रात्रीची झोप पुरी हवी. झोप कमी झाली, तर फिट येण्याचा धोका वाढतो आणि वाचलेलेही नीट लक्षात राहत नाही.

आणि एक वही. वहीची मला लाज वाटे. मुले हसतील, असे वाटे. ती लाज घालवली आमच्या शेजारच्या टेलरचाचांनी. ते प्रत्येक गिऱ्हाईकाचे माप वहीत लिहीत आणि तिथेच कापडाचा तुकडा टाचणीने लावून ठेवत. मी विचारले, “चाचा, तुम्हांलासुद्धा आठवत नाही?” ते म्हणाले, “बेटा, माप डोक्यात ठेवले, तर लोकांचे कापड बिघडेल.”

अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ साली अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर नवी आठवण त्यांच्या मनात टिकेना. तरीही आरशात बघून चांदणी गिरवायचे काम त्यांना दिले, तेव्हा दररोज त्यांचा हात सुधारत गेला. काल हेच केले होते, हे मात्र त्यांना आठवत नसे! मन विसरले, तरी हाताची सवय टिकली. त्यांच्यामुळेच स्मरणशक्तीबद्दल पुष्कळ नवे कळले. २००८ साली ते वारले.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी २००४ साली ‘संवेदना’ हा मदतगट सुरू केला. त्यांना स्वतःला अपस्मार होता. आपल्यासारखे आणखीही लोक आहेत, हे अशा गटात कळते. माझ्या लहानपणी असे काही मला भेटले नाही. मला चाचा भेटले.

आजही माझ्या खिशात वही असते. गेल्या महिन्यात मात्र मी वहीच घरी विसरलो आणि शिरवळच्या बाजारात जाऊन उभा राहिलो. सरळ घरी फोन लावला. पत्नी हसली आणि तिने यादी वाचून दाखवली. मी ती मोठ्याने परत म्हणून दाखवली. भाजीवाली माझ्याकडे बघतच राहिली.